अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांच्या पुढे

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. एक पिशवी, एक वळकटी आणि कुरकुरणारे दोन गुडघे, एवढं सामान. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण जिना रुंद आहे. नळाला पाणी धो धो येतं. मला झोपायला वेगळी खोली आहे आणि तिला चक्क खिडकी आहे. आधीच्या घरी मी फ्रिजला खेटून झोपायचे आणि तो फ्रिज रात्रभर माझ्याशी भांडायचा. त्यामानाने हा राजवाडाच.

ही वही म्हाताऱ्या काकांच्या मुलाने दिली. तो लांब राहतो. आज मला घर दाखवायला आला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. म्हणाला, मावशी, रोज लिहायचं. गोळ्या दिल्या का, प्रेशर किती, जेवले किती, झोपले कसे. मी आलो की वाचीन. मी म्हटलं, चौथी पास बाईच्या हातात वही म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, मग मला बोल लावायचा नाही. तो हसला. म्हणाला, जे दिसेल ते लिहा. ठीक आहे. जे दिसेल ते लिहीन. मला गोडगोड लिहिता येत नाही आणि बोलताही येत नाही.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होते. लोखंड केसाएवढ्या फरकाने कापायचे म्हणे. हात अजून थरथरत नाही. सगळं मापात लागतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चमच्यांना खण, कात्रीला खिळा. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मला बाई म्हणतात. पहिलाच चहा पिऊन म्हणाले, बाई, तुम्ही चहा करता की चहाला दम देता? मी म्हटलं, तुम्हाला जास्त उकळलेला नको असेल तर तसं सांगा, टोमणे कशाला. माणूस खूश झाला. आमचं जमेल.

गोळ्या दिल्या. प्रेशर एकशेतीस-ऐंशी. जेवले सगळं.

५ नोव्हेंबर, बुधवार

काका रोज चार वाजता मागच्या खोलीत जातात. तिथे कॉम्प्युटर आहे. खोकं ट्रंकेएवढं, पडदा मागून पोट आल्यासारखा, आणि आतला पंखा दळण दळल्यासारखा घरघरतो. काका पांढरा रुमाल उघडतात, त्यातून डीव्हीडी काढतात, कडेला धरून खणात ठेवतात. दोन खुर्च्या असतात. आज म्हणाले, बसा बाई.

त्या डीव्हीडीत त्यांची बायको आहे. याच घरात, पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर पडदे शिवत बसलेली. बाकी काही नाही. पडदा सरकतो, सुई चालते, बाई मधून मधून वर बघून काहीबाही बोलते. कॅमेरा काकांच्या हातात होता. काका म्हणाले, मुलाने घेऊन दिला होता आणि तो घेऊन मी सगळ्या घराचा जीव खाल्ला होता.

पण ते चालतं कसं, तर दोन पावलं चाललं की थांबलं. बाई मान वर करते आणि अर्ध्या मानेवर थांबते. आवाज तुटतो. तोंड उघडं, शब्द नाही. मग एकदम चार टाके पुढे. मला असलं बघवत नाही. रस्त्यात समोरचा माणूस मध्येच थांबला तरी माझं डोकं फिरतं. पण काका शांत बसून एका छोट्या वहीत काहीतरी मांडत होते. कुठे थांबली, किती सेकंद थांबली.

शेवटी अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांना बाई सुई थांबवते, सरळ कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, अहो, ठेवा ते आता, आणि.

बास. तिथे जे थांबतं ते कायमचं. पुढे जातच नाही. काकांनी सांगितलं, सहा वर्षं झाली, रोज इथेच थांबते. मी विचारलं, पुढे काय म्हणाल्या होत्या त्या? तुम्ही तर समोरच होतात की. काका डीव्हीडी रुमालात बांधत म्हणाले, तेच आठवत नाही बाई. कॅमेऱ्यात बघत होतो, ऐकत नव्हतो. तिची सवय होती, अर्धं वाक्य बोलायचं, मध्येच हातातलं काम उरकायचं, मग उरलेलं बोलायचं. तेवढं एक वाक्य पुरं ऐकून मरायचंय.

मी उठून भांडी घासायला गेले. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा खोकला मला आठवतो. आवाज आठवत नाही. मुद्दाम आठवायला बसलं तरी खोकलाच येतो.

गोळ्या दिल्या. पोट साफ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी ठरवलं, घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचंच. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण घाण कळते. आयुष्यभर तीच काढली.

आधी डीव्हीडी पुसली. मी ताट पुसल्यासारखी गोल गोल पुसायला लागले तर काका ओरडले. गोल नाही, मधून बाहेर, सरळ रेघेत. मऊ कपडा. बरं बाबा. मग खोक्याचा पत्रा काढायला लावला. स्क्रू काकांनी स्वतः काढले आणि ओळीने मांडून ठेवले. आत बघते तर काय, धुळीची गोधडी! पंख्याला पातीच दिसेना. मी रंगाचा जुना ब्रश घेतला आणि दोन तास बसून सगळं झाडलं. काका म्हणाले, बाई, अडतीस वर्षांत माझ्या लेथवर इतकी माया कोणी केली नाही. मी म्हटलं, माया नव्हे, वैताग आहे.

चारला लावलं. पंख्याचा आवाज निम्मा. आणि चित्र पुष्कळ सरळ चाललं. आठ-दहा वेळाच अडखळलं. अकरा बेचाळीसला काका खुर्चीच्या दांड्याला धरून पुढे वाकले. ती म्हणाली, अहो, ठेवा ते आता, आणि. आणि थांबलं नाही! ती खाली वाकली, पडलेली कात्री उचलली. मग थांबलं. अकरा मिनिटं शेहेचाळीस.

चार सेकंद. काकांच्या डोळ्यांतून पाणी. सहा वर्षांत चार सेकंद पुढे गेली, म्हणाले. मी आज दोन घास जास्त जेवले.

८ नोव्हेंबर, शनिवार

मुलाने जे दिसेल ते लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. सकाळी नाश्त्याला काकांनी दुधाचा चमचा तोंडाजवळ नेला आणि तसेच थांबले. डोळे उघडे, चमचा हवेत, दुधाचा थेंब खाली लोंबतोय. मला वाटलं, चेष्टा करतात. मी म्हटलं, काका, फोटो काढायचाय का? तर पुढे चालू झाले, जणू काही झालंच नाही. मी विचारलं, काय झालं हो? तर म्हणाले, कुठे काय.

मोजून चार सेकंद असतील. वयाचं असेल. गोळ्या दिल्या. प्रेशर ठीक.

१० नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जिना चढून येईपर्यंत धापा टाकून हैराण झाला, पण खुर्ची मिळाल्यावर तोंड थांबेना. म्हणाला, ताई, ही मशीन म्हणजे आजोबा आहे, आजोबाला पळवायचं तर आधी ओझं उतरवायला पाहिजे. दोन गोष्टी त्याला सापडल्या. एक म्हणजे व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम रोज बरोबर चारला उठून सगळं घर धुंडाळत बसायचा. त्याला त्याने सकाळी सहाची वेळ लावून दिली. दुसरं म्हणजे डीव्हीडीतून माल आणायचा जो रस्ता असतो तो कधीतरी आपोआप हळूवर पडला होता. तो जलदवर केला.

मी म्हटलं, मला समजेल असं सांग. तो म्हणाला, चित्र दाखवायला मशीनला मागून सारखा पुरवठा लागतो. थोडं आधी साठवून घेते, मग दाखवते. पुरवठा कमी पडला की अडखळते. आता पुरवठा वाढलाय, पळेल.

पळाली. एकदाही अडखळली नाही. बाईने कात्री उचलली, दोरा तोडला, पडद्याची घडी घातली, मशीनवर झाकण ठेवलं, झाकणाच्या कडा दोन्ही हातांनी दाबल्या. बारा मिनिटं नऊ सेकंदांना थांबलं. वाक्य अजून अर्धंच. काका म्हणाले, बघितलंत? काम उरकल्याशिवाय बोलायची नाही. असं म्हणाले जणू ती आत्ता शेजारच्या खोलीत आहे.

मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, वा मावशी, तुम्ही तर इंजिनियर झालात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने केलेलं कौतुक, पण बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दाढी करताना थांबले. वस्तरा गालावर, साबण वाळत चाललेला. मी नावाने, नात्याने सगळ्या हाका मारल्या. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तेवीस सेकंद. मग वस्तरा होता तिथून पुढे गेला, एक केसही इकडेतिकडे नाही.

डॉक्टर आले. छाती बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, हातोडीने गुडघे ठोकले. म्हणाले, काही सापडत नाही, मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढू. काका म्हणाले, चारच्या आत होणार असेल तरच येतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल जिन्यात थांबले, एक पाय वर, एक खाली. मी खांदा लावून उभी राहिले. अंग दगडासारखं नाही, गरम आहे, नाडी चालते. फक्त माणूस चालत नाही. आज अंगठ्याने सफरचंदाचं देठ मोडता मोडता थांबले. मिनिटाच्या वर. मी घड्याळ बघत बसले आणि माझ्या ओठांतून नकळत निघालं, अरे चल ना, चल पुढे. चित्र अडकल्यावर म्हणते तसं. माझं मलाच कसंतरी झालं.

चारला बाई चौदा मिनिटं दोन सेकंदांपर्यंत आली. आता तिने भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढून मशीनशेजारी आणली आहे. तिच्यावरचे चिंध्यांचे तुकडे वेचते आहे. एकेक.

चित्र लोण्यासारखं चालतं. काका मात्र बोलता बोलता तुटतात. बाई, मला जरा. मग गप्प. मग पाणी द्या.

फोटोत डोक्यात काही निघालं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्तीवाला कसं चाललंय ते बघायला आला. मीच मुद्दाम बोलावलं होतं. त्याला विचारलं, पुढचा भाग आता दिसतो, तो आधी का दिसत नव्हता? त्याने डीव्हीडी रुमालातून काढून उलटी केली, खिडकीशी नेली, तिरपी धरली. मग गप्प बसला. तो गप्प बसला हेच आधी मला खटकलं.

त्याने मला दाखवलं. घरी भरलेली डीव्हीडी असली की जेवढं भरलंय तेवढा भाग मधून बाहेर असा गोल, जरा काळपट दिसतो. पुढचा कोरा, चकचकीत. हिच्यात काळपट पट्टा मधल्या भोकाभोवती एवढासाच. तो म्हणाला, ताई, यात फार तर बारा-पंधरा मिनिटांचं चित्र आहे. आणि मशीन सांगते की भरलंय ते अकरा बेचाळीस. पुढे काही नाहीच. कोरी आहे.

मी म्हटलं, मग आम्ही रोज बघतो ते काय?

त्याने लावून बघितलं. पंधरा मिनिटं तीस सेकंदांपर्यंत. बाईने खुर्ची पदराने पुसली. तो उठला, डीव्हीडी परत काढली, परत तिरपी धरली. म्हणाला, हा खण फक्त वाचतो. लिहू शकतच नाही. तरी पट्टा मघापेक्षा रुंद आहे.

चहा नको म्हणाला. पैसेही न घेता जिना उतरला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग येतंय कुठून? मी मागच्या खोलीत गेले. काका पडद्यासमोर बसले होते, हात रुमालाची गाठ मारायला उचललेला. अर्धी गाठ. मी उभी राहिले. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद.

पुरवठा.

मी केलं हे. धूळ काढली, रस्ता मोकळा केला, दुरुस्तीवाला बोलावला. सहा वर्षं ती अडखळत होती म्हणून हा माणूस सरळ चालत होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

डीव्हीडी लपवली. माझ्या वळकटीत. काकांनी चारला खण उघडला, रुमाल उघडला. माझ्याकडे बघितलं. रिकामा रुमाल परत बांधला.

आज दिवसभरात एकदाही थांबले नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

थांबत नाहीत. सरळ चालतात, सरळ बोलतात. बोलतात म्हणजे हो आणि नको. जेवण तसंच परत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मुलाला सगळं सांगितलं, आहे तसं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मावशी, तुम्हाला दोन दिवस सुट्टी हवी आहे का? मी फोन ठेवून दिला.

प्रेशर शंभर-साठ. गोळ्या थुंकल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी हाक मारली. बाई, बसा. उशाखालून ती छोटी वही काढून दिली. पानांवर दोन रांगा. एका रांगेत ती रोज किती सेकंद पुढे गेली. दुसऱ्या रांगेत ते स्वतः किती सेकंद थांबले. अक्षर छापल्यासारखं. दोन्ही रांगांची बेरीज शेवटी एकच.

म्हणाले, मला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं. टर्नर आहे मी, माप चुकत नाही माझं.

मी चिडले. म्हटलं, तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही गप्प बसलात? मला पापात घातलंत? ते म्हणाले, बाई, दिवसभरात माझे कितीतरी तास छताकडे बघण्यात जातात. त्यातले काही तिला दिले तर तुमचं काय जातं? जिवंत होती तेव्हा कारखान्याला दिले. सुट्टीला कॅमेऱ्याला दिले. तिला कधी दिले?

 मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

मग म्हणाले, खुर्ची पुसून झाली आहे. आता ती बोलणार. मला माहीत आहे तिची पद्धत.

काका रडले, मोठ्याने नाही. माझा नवरा असाच रडायचा, पाठमोरा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मी दिली.

लिहायचं म्हणून लिहिते. चारला लावली. मी त्यांचा हात धरून बसले, थांबले तर कळावं म्हणून. बाईने खुर्चीवरचा हात उचलला. कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे नव्हे, काकांकडे. आणि म्हणाली, माझ्या शेजारी येऊन बसा. सारखं तिकडूनच काय बघता.

एवढंच. साधंच वाक्य. त्यासाठी सहा वर्षं.

काका हसले आणि म्हणाले, येतो. येतो म्हणाले की येतोय, ते मला कळलं नाही, कारण शब्द अर्ध्यावर थांबला. मी घड्याळ बघत बसले. पाच मिनिटं. दहा. हात गरम होता तोवर वाट बघितली. मग हात गरम राहिला नाही.

पडद्यावर चित्र चालूच होतं. मी बघितलं नाही. बटण दाबून बंद केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मुलगा आला, सगळं उरकलं, आज गेला. ही वही त्याला दिली. दोन पानं वाचून परत दिली. म्हणाला, मावशी, तुम्ही फार केलंत बाबांचं.  महिनाअखेरपर्यंत घर आवरून द्या म्हणाला. कपडे वाटा, भांडी खोक्यांत भरा, कॉम्प्युटर भंगारात द्या.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. डिंक निघत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डीव्हीडी मोडायला घेतली. बत्ता हातात घेतला, फरशीवर ठेवली. उलटी पडली आणि पट्टा दिसला. पार कडेपर्यंत काळी. चकचकीत जागा नखाएवढी.

मोडण्याआधी एकदा बघावं. बघायला नको होतं. पण बघितलं.

काका आहेत तिच्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या चित्रात काका आहेत. कॅमेऱ्याच्या बाजूने पाठमोरे आत आले. माझ्याच हाताने इस्त्री केलेला सदरा. तिने खुर्ची पुढे केली. काका वळले, गुडघे वाकवले, बसायला लागले—

आणि थांबलं.

ना बसलेले ना उभे. गुडघे अर्धे वाकलेले, हात मागे खुर्ची चाचपतोय, चेहरा तिच्याकडे. ती हात पुढे करून बघते आहे. मी अर्धा तास थांबले. हललं नाही. पुरवठा संपला.

माझे गुडघे दुखायला लागले त्यांच्याकडे बघून.

बत्ता परत ठेवला. त्यात दोन माणसं आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परत लावलं. चित्र एक बोटभर हललं. काका एक बोट खाली.

दूध उतू गेलं. मी शेगडीसमोरच उभी होते. बघत होते. दूध वर आलेलं बघितलं, मग एकदम शेगडी विझलेली, फरशीवर साय वाळलेली. मधलं काही नाही. घड्याळ चाळीस मिनिटं पुढे.

चाळीस मिनिटांना एक बोट. त्यांचा तिचा संसार पन्नास वर्षांचा, त्यांच्या सेकंदाला सेकंद मिळायचा. मी कोण? सतरा दिवसांची बाई. माझा भाव असाच असणार.

आता नाही लावायचं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भंगारवाला येऊन गेला. दार वाजलेलं ऐकलं. उठले. दारापर्यंत गेले तेव्हा बाहेर अंधार आणि दाराला चिठ्ठी, तीनदा येऊन गेलो.

लावलं नव्हतं सकाळी. शपथ. लावलं होतं का? रुमाल उघडा आहे.

दोन बोटं खाली.

बहिणीला फोन केला. सात वर्षांनी. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मला ऐकू येत होतं. मी बोलत—

३० नोव्हेंबर बहुतेक

वार माहीत नाही. चपात्या— पीठ वाळून हाताला खडे. कधी भिजवलं.

मुलगा वाचेल तर— मी वेडी नाही. मला मेलं अडकलेलं माणूस बघवत नाही. एवढंच आहे. म्हाताऱ्या माणसाला असं अर्धं उभं ठेवून मी दार लावून जाऊ? कुठे जाऊ? माझी कोण वाट बघतंय अर्ध्या वाक्यावर?

तिने आज माझ्याकडे बघितलं. मान हलवली. नको म्हणत असेल. ती मान हलवायलाही माझेच— दिवस गेला त्यात सगळा.

अहो बाई, तुम्ही मान नका हलवू. त्यांना बसवा आधी.

तारीख

दोन बोटं राहिली. मी वही मांडीवर घेऊन बसले आहे. लावलंय. सरळ चाललंय, मध्ये कुठेही—

खिडकीत उजेड होता. आता नाही. आता परत आहे.

एक बोट. तिने त्यांचा हात धरला. मी लिहितेय हे मला कळतंय पण पेन— शाई वाळते सारखी

काका जरा जोर करा. टेकताय बघा. आता टेक